दगडाधोंड्यांचं इंग्रजी

इंग्रजी सुधारावं म्हणून लोक क्लास लावतात, सिनेमे बघतात, मोबाइलवर ॲप घेतात. माझं इंग्रजी माझ्या घरमालकांच्या हाती पडलं. त्यांनी ते सुधारलं की कायमचं बिघडवलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मी गोंदियाची. वडील रेल्वेत. सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात ऑफिसची नोकरी लागली, म्हणून रायपूरला आले आणि शंकर नगरात किरायाची खोली शोधत फिरत होते. एका फाटकाशी हा एवढा मोठा गुलाबी दगड ठेवलेला होता. आत इतकी झाडं की घर दिसतच नव्हतं. पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसून भिंगातून बोटाच्या चिमटीतला खडा न्याहाळत होते.

"खोली पाहाले आली का?" त्यांनी मान वर न करताच विचारलं.

आपली भाषा ऐकून मला हायसं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. मराठी घरमालकाचा पुढचा प्रश्न आडनावाचा असतो. आडनाव सांगितलं की खोली 'कालच दिली' असं ऐकायची मला सवय झाली होती.

"हो काका."

"वग म्हणजे काय, माहीत आहे का तुले?"

मी गडबडले. "तमाशातला वग?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि गदगदून हसले. "तो तं आहेच. पण इंग्रजीतही वग असते. व्ही, यू, जी. खडकातली पोकळी. बाहेरून दगड साधा दिसते, फोडला का आत सारे स्फटिक. वरची खोली तशीच आहे. जाऊन पाहून घे."

मी वर गेले. स्फटिक काही नव्हते, एक लोखंडी पलंग आणि उगवतीची खिडकी होती. पण खोली मिळाली. आडनाव त्यांनी पुढेही कधी विचारलं नाही. विचारायचं विसरले की मुद्दामच विचारलं नाही, कोण जाणे.

काका सरकारी खात्यात भूवैज्ञानिक होते. मूळ अकोल्याकडचे. नोकरीनिमित्त इकडे आले, बस्तर-सरगुजाची जंगलं तुडवली आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. बोलायचे ते वऱ्हाडी. मध्येच एखादा इंग्रजी शब्द यायचा आणि तो असा की ऐकणारा थबकायचा. दूधवाल्याला उशीर झाला, दूध फाटलं, पंखा कुरकुरला, प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे खडकाचा नाहीतर झाडाचा शब्द तयार असे. दूधवाला आधी घाबरायचा. मग त्यानं प्रत्येक शब्दाला "हव साहब" म्हणायचं ठरवून टाकलं.

एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, मले थोडं इंग्रजी शिकवा नं. ऑफिसात ईमेल लिहा लागते."

"ईमेल कोणीही लिहिते," ते म्हणाले. "उद्या सकाळी खाली ये."

सकाळी कंपनीची बस यायच्या आत मी वही घेऊन खाली गेले. त्यांनी वही बाजूला ठेवायला लावली आणि मला परसात नेलं. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या कडेकडेनं पाण्याचे थेंब लटकले होते.

"हे काय होय?"

"दव."

"नाई. दव वरून पडते. हे पाणी झाडानं आतून बाहेर ढकललं. रात्रभर मुळानं पाणी ओढलं, पानाच्या पोटात मावलं नाई, तं काठावाटे बाहेर आलं. गटेशन. म्हण."

"गटेशन."

"आता बस पकड."

झाला वर्ग. व्याकरण नाही, वाक्यं नाहीत. रोज एक शब्द आणि तोही समोर दाखवल्याशिवाय नाही. मराठी प्रतिशब्द ते सांगत नसत. अंगणातल्या फरशीवर मला उकिडवी बसवून दगडात गोठलेल्या लाटा हातानं चाचपायला लावल्या. तेरड्याची पिकलेली शेंग माझ्या बोटात धरायला लावली. ती फाटकन फुटली, बिया उडाल्या आणि मी किंचाळले. "डिहिसंट," काका शांतपणे म्हणाले. "पिकलं का स्वतःहून फुटते अन् बी दूर फेकते. माहा पोरगा असाच. बंगळूरले जाऊन पडला."

फाटकाजवळच्या गुलाबी दगडाचा शब्द होता इरॅटिक. हा दगड त्यांनी सरगुजाच्या बाजूनं ट्रकमध्ये घालून आणला होता. फार फार पूर्वी तिकडे बर्फ होता म्हणे. बर्फाची नदी कुठला तरी दगड पोटात घेऊन निघाली, शेकडो कोस चालली आणि वाटेतच वितळली. दगड राहिला. आजूबाजूचे सगळे दगड वेगळे, हा एकटा परका. मे महिन्याच्या रायपुरात, घामानं डोळे चुरचुरत असताना, मी बर्फाच्या नदीची कल्पना करत उभी होते. काही केल्या जमेना.

हेच शब्द का, असं मी त्यांना अनेकदा विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाले, "साध्या शब्दात तू साऱ्यांच्या मांगं आहे. ह्या शब्दात सारे तुह्या मांगं." मला ते फार पटलं. मी आठवडाभर त्याच तोऱ्यात फिरले. मग एकदा म्हणाले, "दुसरे शब्द मले येतच नाई." आणि एकदा नुसतंच, "वापरला नाई तं शब्द मरते, पोरी." तिन्हीतलं खरं कुठलं, ते मी ठरवू शकले नाही.

तोऱ्याचं फळ लवकरच मिळालं. कारखान्यात आलेला लोहखनिजाचा एक माल हातात घेतला की भुगा व्हायचा. तो परत करायचा मेल मला लिहायचा होता. हातानं चुरता येणाऱ्या दगडाला काय म्हणतात हे मला नुकतंच कळलं होतं. मी झोकात लिहिलं, 'फ्रायेबल'. साहेबांनी मेल वाचला, मला बोलावलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "मैडम, आयरन ओर को फ्राय क्यों करना है?"

अख्ख्या ऑफिसात मी फ्राय मॅडम झाले. लॅबवाले म्हणाले शब्द बरोबर आहे. साहेब म्हणाले, "होगा सही. लेकिन पढ़ने वाला समझे तो मेल, नहीं तो पहेली." मला दोघांचंही पटलं आणि त्यामुळे आणखीच गोंधळ उडाला. घरी येऊन काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "शब्द बरोबर होता, माणूस चुकला." आणि मला उपम्याची बशी दिली.

त्यांच्याबरोबर बाहेर जाणं हा तर वेगळाच ताप. एका रविवारी मला ब्राह्मणपाऱ्याच्या जुन्या वस्तीत घेऊन गेले. मला वाटलं देवळात जायचं असेल. काका एका जुन्या घरासमोर थांबले, खाली बसले, पिशवीतली बाटली काढून त्या घराच्या दगडी पायरीवर पाणी ओतू लागले. ओल्या दगडात एकात एक बसवलेल्या वाट्यांसारख्या रेषा उमटल्या. तेवढ्यात घरातली बाई बाहेर आली.

"का करत हव बबा?"

"स्ट्रोमॅटोलाइट," काका आनंदानं म्हणाले.

बाईनं जरा विचार केला. "इहाँ ए नाव के कोनो नइ रहय," ती म्हणाली आणि शेजारच्या गल्लीकडे बोट दाखवलं.

काकांनी तिला सांगितलं की इथे समुद्र होता. उथळ पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी थरावर थर रचले, त्याचा हा दगड झाला आणि त्या दगडावर पाय देऊन ती रोज घरात जाते. बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "चाय पीहू?" आम्ही चहा प्यायलो. परतताना स्कूटीवर मागे बसून काका म्हणाले, "पाह्य, समजलं तिले." तिला समजलं होतं की दया आली होती, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

दगडांच्या शब्दांत काका कधी चुकायचे नाहीत. झाडांच्या शब्दांत मात्र अडखळायचे. एकदा त्यांनी मला पिंपळाचं पान दाखवून 'सेसाइल' शिकवलं. मी मोबाइलवर पाहिलं, तर सेसाइल म्हणजे ज्या पानाला देठच नाही, थेट फांदीला चिकटलेलं. पिंपळाला तर हा लांब देठ. रुईचं पान दाखवायला हवं होतं. मी सहज म्हटलं, "काका, उलटं झालं नं हे."

ते पान हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. "तिले विचारलं पाहिजे होतं," म्हणाले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी शब्द नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी धास्तावून स्वयंपाकाच्या दुलारीबाईंना विचारलं. त्या या घरात पोळ्या लाटत म्हाताऱ्या झालेल्या. "पेड़-पत्ता के गोठ तो माई के आय," त्या म्हणाल्या. झाडापानांच्या गोष्टी बाईंच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या. मग सगळं सांगितलं. काकू कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. नवराबायको दोघं घरात असल्याच भाषेत बोलायची. काका दगडांतून शब्द आणायचे, काकू झाडांतून. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं की काकू म्हणायच्या, गटेशन. भांडणं झाली तर तीही त्याच भाषेत आणि दुलारीबाईंना कोण जिंकलं ते कधीच कळायचं नाही. काकू जाऊन काही वर्षं झाली. हे परस त्यांचं.

म्हणजे मला रोज सकाळी अर्धा शब्द काकांचा मिळत होता आणि अर्धा काकूंचा, ज्यांना मी पाहिलंही नव्हतं. आता मी इंग्रजी शिकत होते की आणखी काही, तेच मला समजेना.

मग मार्चमध्ये मुलगा आला. मी त्यांना भैया म्हणे. चाळिशी ओलांडलेले, थकलेल्या डोळ्यांचे, बोलायला सभ्य. मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीत. घर विकायचं आणि वडिलांना बंगळूरला न्यायचं, असं ठरवून आले होते. त्यात वावगं काही नव्हतं. काका हिवाळ्यात एका रात्री न्हाणीघरात पडले होते, ते थेट सकाळी दुलारीबाईंना दिसले. तेव्हापासून भैया रोज फोन करत आणि काका रोज फोन उचलायला विसरत.

रविवारी दुपारी मी काकांचं दळून आणलेलं पीठ द्यायला खाली गेले, तर बापलेक जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर.

"बाबा, बस इतना बता दीजिए," भैया म्हणत होते, "आना है कि नहीं आना?"

काका पाण्याचा पेला फिरवत राहिले. मग म्हणाले, "इरॅटिक."

भैयांचा चेहरा उतरला. "मैं इरॅटिक?"

काकांनी पेला उलट दिशेनं फिरवला.

"हाँ, बदला मैंने प्लान! पहले बोला रायपुर लौटूँगा, फिर बोला कनाडा, फिर बंगळूर. लेकिन इसके लिए आप मुझे…" खुर्ची मागे सारून ते बाहेर पडले. काका तसेच बसून. मी पिठाचा डबा छातीशी धरून मध्येच उभी. भैयांना एवढं काय लागलं, ते मला कळेना. मला इरॅटिकचा एकच अर्थ माहीत होता, तो फाटकाजवळ पडलेला. लहरी, भरवशाचा नसलेला, असा त्याचा रोजच्या इंग्रजीत अर्थ होतो, हे मला नंतर कळलं.

मी अंगणात गेले. भैया पेरूच्या झाडाखाली उभे होते.

"आपसे भी ऐसे ही बात करते हैं?"

"भैया, इरॅटिक म्हणजे तो दगड नं?" मी फाटकाकडे बोट केलं. त्यांना काही कळलं नाही. मग मला जशी सांगितली होती तशी मी ती बर्फाच्या नदीची गोष्ट सांगितली. दुसरीकडून आलेला, आणणारा वितळून गेला, एकटा मागे उरलेला.

ते ऐकत राहिले. त्या दगडावर लहानपणी बसून त्यांनी बोरं खाल्ली असतील, पण त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. "मतलब क्या हुआ इसका? हाँ या ना?"

आता खरी पंचाईत झाली. काका अकोल्याहून इथे आलेले, काकू गेलेल्या. म्हणजे मी इथेच परका झालो, मला घेऊन जा, असं म्हणत होते? की बंगळूरला नेलंस तर तिथे माझं असं होईल, असं? की काही न सुचून समोरच्या फाटकाकडे पाहून बोलून गेले होते? एका म्हाताऱ्या माणसाचं पुढचं आयुष्य माझ्या तोंडून काय निघतं यावर ठरणार होतं आणि मला तर 'सेसाइल'चीही खात्री नव्हती.

"मले नाही माहीत, भैया," मी म्हटलं. "तुम्हीच विचारा."

ते आत गेले. मी दारातच थांबले. भैया वडिलांसमोर न बसता शेजारच्या खुर्चीवर बसले.

"बाबा, कौनसा पत्थर? यहाँ का, या वहाँ का?"

काकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. पेला खाली ठेवला. आणि इतक्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून न ऐकलेलं, अगदी साधं काहीतरी बोलले.

"मले भेव लागते रे."

भैया त्यांच्याकडे वळून बसले. मग त्यांनी मराठीत विचारलं, अडखळत, न वापरल्यानं गंजलेल्या मराठीत. "कशाचं, बाबा?"

"तुह्या आईचे शब्द विसरून राहिलो मी. इथं झाड दिसते तं शब्द आठवते. तेही आता उलटसुलट होऊन राहिले. ही पोरगी सांगते मले, काका, चुकलं. तिथं तुह्या त्या उंच बिल्डिंगीत कोणतं झाड दिसन? सारे गेले तं मंग ती कुठं राहीन?"

भैयांनी वडिलांच्या मनगटावर हात ठेवला. मी पिठाचा डबा दाराशी ठेवून वर निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं, तर दोघं परसात. काका काठीनं झाडं दाखवत होते, भैया मागून चालत होते. मला हाक मारली म्हणून मीही खाली गेले. कुंपणाशी पिवळा धोत्रा फुलला होता. काटेरी तण, पण काका तो कोणाला उपटू देत नसत.

"पाह्य," काका मुलाला सांगत होते, "कळीवर हिरवं कवच असते. फूल उमललं रे उमललं का ते गळून पडते. एक दिवसही टिकत नाई. त्याले… त्याले म्हणते…"

शब्द येईना. काठी जमिनीत रुतवून उभे राहिले. ओठ हलत होते. मी मोबाइल काढायला खिशात हात घातला.

"कॅड्यूकस," भैया म्हणाले.

काका वळले. "तुले कसं माहीत?"

"आई बोलती थी ना." भैया लाजले, माझ्याकडे बघून आणखीच लाजले. "मेरी चड्डी के लिए. शाळेत जाताना फाटकापर्यंत पोचायच्या आत घसरायची. तर आई मागून ओरडायची, कॅड्यूकस, कॅड्यूकस! मुझे तो लगता था, चड्डी को ही अंग्रेजी में कॅड्यूकस कहते हैं."

काका हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता काठी पडली, भैयांनी त्यांना धरलं आणि मग दोघंही एकमेकांना धरून हसत होते. दुलारीबाई हातावरचं पीठ झाडत बाहेर आल्या आणि काय झालं, काय झालं, विचारू लागल्या. डोळे पुसत काका म्हणाले, "अजून काय काय म्हणे ती तुले?" भैया आठवू लागले. मी बस चुकवली.

घर विकलं नाही. काका उन्हाळा मुलाकडे काढतात आणि पाऊस लागला की परत येतात. तिथे ते भैयांच्या मुलीला शब्द शिकवतात आणि सूनबाई हैराण आहेत असं ऐकते. परसाला पाणी मी घालते. ऑफिसात आता माझे मेल सरळ असतात. फ्राय मॅडम हे नाव मात्र सुटलेलं नाही.

काका पहिल्यांदा बंगळूरला निघाले, तेव्हा मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले होते. विमानातून खडक दिसत नाहीत म्हणून रेल्वे. भैया सामान लावत होते, काका खिडकीशी बसले होते, पायाशी परसातल्या रोपाची कुंडी. गाडी हलली तसे त्यांनी गजांतून हात बाहेर काढला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "टेक केअर."

मी गोंधळले. गाडीबरोबर दोन पावलं चालत मी डोकं खाजवत राहिले. टेक केअर, टेक केअर. हा दगडाचा शब्द की पानाचा? आणि तो नेमका कशाचा, हे त्यांनी मला दाखवलं कसं नाही? डब्याच्या खिडक्या एकामागून एक निघून गेल्या, प्लॅटफॉर्म मोकळा झाला आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्याचा अर्थ मला पहिल्यापासून माहीत होता.